‘थोमासारखं होऊ नका’ म्हटलं आणि शेजारीण उठून गेली

नाशिकरोडच्या जेलरोड भागातल्या एका शिक्षिकेचं हे पत्र. त्यांच्या भागातली कॅथलिक कुटुंबं दर शुक्रवारी आळीपाळीने एकेका घरी जमतात, रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात आणि येत्या रविवारची बायबलमधली वाचनं वाचतात. यंदा ईस्टरपासून ख्रिस्तशरीराच्या सणापर्यंत त्या वाचनांवर मनन, म्हणजे छोटं चिंतन, सांगायचं काम फादरांनी या ताईंकडे दिलं आहे. त्या लिहितात: वाचनं दरवर्षी तीच, लोकांना पाठ, नवं काय सांगणार? मोबाइलवर आलेली मननं वाचून दाखवली तर लोक घड्याळ बघतात. एक निवृत्त धर्मशिक्षक आजोबा भर बैठकीत चुका काढतात. मे महिन्यात निम्मी मंडळी गावाला जातात. पण सगळ्यांत जास्त बोचते आहे ती देवदया रविवारच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या रविवारच्या, आधीची बैठक. येशू पुन्हा उठला यावर पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याचा उतारा त्या रविवारी वाचतात. ‘थोमासारखा संशय धरू नका, पुनरुत्थानावर विश्वास असणारा माणूस रडत बसत नाही,’ असं त्या बोलून गेल्या. जानेवारीत जिचा तरुण मुलगा अपघातात गेला, ती शेजारीण तेव्हा मुकाट्याने उठून घरी गेली. ‘मी काही चुकीचं बोलले का? की हे काम माझं नव्हेच?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, बाकीची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. तुमचा हेतू चांगला होता, वाक्य चुकलं. शेजारणीला लागलं म्हणून तर चुकलंच, शिवाय ज्या वाचनावर तुम्ही बोलत होता त्यातही ते बसत नाही.

योहान 20:19-31 पुन्हा काढा. पुनरुत्थानकाळाच्या दुसऱ्या रविवारी हे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला हा उतारा, वाचनांच्या फेऱ्यातल्या अ, ब, क या तिन्ही वर्षांत येतं. त्यामुळे ते पाठ झाल्यासारखं वाटतं आणि नेमकं त्यामुळेच कुणी नीट वाचत नाही. विसाव्या वचनात येशू शिष्यांना जखमी हात आणि कूस दाखवतो आणि मग त्यांना आनंद होतो. थोमा तेव्हा तिथे नाही. पंचविसाव्या वचनात तो मागतो ते जवळजवळ तेच, जे इतरांना न मागता मिळालं होतं. बोट घालून बघण्याची भाषा तेवढी त्याची स्वतःची. लूकच्या शुभवर्तमानात तर कबरीवरून आलेल्या बायकांचं बोलणं प्रेषितांना वायफळ वाटलं, असं सरळ लिहिलं आहे (24:11). मग संशयाचा शिक्का एकट्या थोमाच्या कपाळी का?

आता सव्वीसावं वचन. आठ दिवस झाले आहेत, दारं पुन्हा बंद आहेत आणि थोमा त्यांच्यात आहे. मधल्या आठवड्यात काय बोलणं झालं हे योहान सांगत नाही. पण तो निघून गेला नाही आणि बाकीच्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही, एवढं नक्की दिसतं. ज्याला अजून आनंद होत नव्हता असा एक माणूस आनंदलेल्या माणसांत आठवडाभर राहिला. पुढे येशू त्याला बोट पुढे करायला सांगतो. थोमाने खरोखर स्पर्श केला असं मात्र कुठेच लिहिलेलं नाही, ते चित्रकारांनी रंगवलं. तो म्हणतो, ‘माझा प्रभू व माझा देव!’ योहानाच्या शुभवर्तमानात येशूला इतक्या थेट शब्दांत देव म्हणणारा शिष्य हाच. शिवाय पुनरुत्थित शरीरावर जखमा तशाच आहेत. मुलगा गेलेल्या आईसमोर या वाचनातलं काही ठेवायचं झालं, तर ते हे होतं.

न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे एकोणतिसावं वचन थोमाला टोमणा म्हणून वापरायची आपल्याकडे सवय आहे. पण त्या खोलीतल्या प्रत्येकाने पाहूनच विश्वास ठेवला होता. तो आशीर्वाद पुढच्या पिढ्यांसाठी आहे, म्हणजे तुमच्या शुक्रवारच्या बैठकीसाठी. त्याची छडी करू नये.

रडण्याबद्दल वेगळं शोधायलाही नको. यंदा अ वर्ष असल्याने 22 मार्चला, उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी, तुमच्याच चर्चमध्ये येशूचा मेलेला मित्र लाजर याचं शुभवर्तमान वाचलं गेलं असेल. त्यात येशू लाजराला उठवायलाच निघालेला आहे, तसं शिष्यांना सांगूनही ठेवलेलं आहे, तरी कबरीकडे जाताना तो रडतो (योहान 11:35).

तेव्हा आधी शेजारणीकडे जा. बैठकीच्या दिवशी नको, मधल्या वारी जा. एकट्या जा किंवा फार तर तिच्या जवळची एक बाई बरोबर घ्या. चार जणी प्रार्थनेची पुस्तकं घेऊन दारात उभ्या राहिल्या की तिला पुन्हा विश्वासू दिसायचं ओझं येतं. ‘त्या दिवशी मी बोलले ते बरोबर नव्हतं’ एवढं एक वाक्य पुरे. खुलासा लांबला की तीच तुमची समजूत काढायला लागेल. मुलाचं नाव घेऊन बोला. असा मृत्यू झाला की लोक नाव घ्यायचं टाळतात आणि आईला ते टाळणं कळतं. ‘तो चांगल्या ठिकाणी आहे’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ ही वाक्यं घरीच ठेवून जा.  अर्ध्या तासाने निघा. पुढच्या बैठकीला ये, असा आग्रह करू नका. बैठकीत मात्र तिचं नाव न घेता दोन वाक्यांत दुरुस्ती करा, कारण ते वाक्य इतरांनीही ऐकलं आहे. त्यांच्यातही कुणाचं काही गेलेलं असणार.

ही भेट कशी असावी हे 19 एप्रिलच्या शुभवर्तमानातच आहे: अम्माऊसची वाट, लूक 24:13-35. हे उत्तर पोचेपर्यंत तो रविवार उलटला असला तरी ते बैठकीत पुन्हा वाचायला काही हरकत नाही. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. नाशिकरोडहून पंचवटी पायी गाठण्यापेक्षा थोडं जास्तच. येशू त्या वाटेने चाललेल्या दोन शिष्यांना गाठतो, ते त्याला ओळखत नाहीत, आणि तो पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न: कशाबद्दल बोलताय? ते थांबतात, चेहरे उतरलेले. तो पुन्हा विचारतो, काय झालं? स्वतःच्याच मरणाची हकीकत तो त्यांच्या तोंडून ऐकून घेतो, आणि ‘आमची आशा होती’ हा भूतकाळही. त्यांचं सगळं सांगून झाल्यावर मग तो शास्त्र उलगडतो, तेही जरा कडक शब्दांत. तरीही ओळख पटते ती त्या स्पष्टीकरणाने नाही, संध्याकाळी भाकर मोडताना. मनन सांगणारे आपण बहुतेक जण पंचविसाव्या वचनापासून सुरुवात करतो आणि आधीचं ऐकून घेणं गाळतो.

आता तुमचं दुसरं गृहीत: वाचनं तीच, म्हणून नवं काही हवं. वाचनं तीच नसतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. सनाला तीनने भागा. बाकी एक उरली तर अ वर्ष, दोन उरली तर ब, काहीच उरलं नाही तर क. 2026 अ, 2027 ब, 2028 क. हे वर्ष आधीच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांपासून, सुरू होतं, म्हणजे येत्या डिसेंबरात तुम्ही 2027च्या ब वर्षात असाल. मोबाइलवर फिरणारी मननं फसतात ती इथेच. 26 एप्रिलला मेंढपाळ रविवार आहे. ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ यावर सुंदर मनन तुमच्याकडे हमखास येईल, पण ते वचन योहान 10:11 आहे आणि ते ब वर्षात वाचतात. यंदा वाचायचं आहे 10:1-10. त्यात येशू म्हणतो, मी मेंढरांचं दार आहे. लोकांनी नुकतंच दाराबद्दल ऐकलेलं असतं आणि तुम्ही मेंढपाळाबद्दल सांगत बसता. मग ते घड्याळ बघणारच. त्यापेक्षा विचारा: दार कशासाठी असतं? याच उताऱ्यात मेंढरं आत जातात आणि बाहेरही जातात (वचन 9). निफाड-सिन्नरकडे शेतात मेंढ्या बसवलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सांगू द्या, रात्री आणि सकाळी त्या वाड्याच्या तोंडाशी काय चालतं ते.

तेव्हा पहिलं काम हे की उताऱ्याची सुरुवात आणि शेवट तपासायचा आणि कुठे कात्री लागली आहे ते बघायचं. पुनरुत्थानकाळात पहिलं वाचन जुन्या करारातून न येता प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातून येतं, आणि यंदा दुसरं बहुतेक रविवारी पेत्राच्या पहिल्या पत्रातून. आपण फक्त शुभवर्तमानावर बोलतो आणि ही दोन्ही कोरडी सोडतो. 3 मेचं पहिलं वाचन तर तुमच्या आजोबांसाठीच आहे असं वाटावं. कृत्ये 6:1-7: रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू होते. प्रेषित तक्रार दाबत नाहीत. सात जण निवडायला सांगतात, आणि त्या सातांची नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. जबाबदारी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूला गेलेली दिसते. आजोबांकडे गुरुवारी संध्याकाळी तुमचा कागद घेऊन जा, ‘यातलं काय चुकलंय ते आत्ताच सांगा’ म्हणा आणि बैठकीत पहिलं वाचन त्यांनाच द्या. चुका काढणाऱ्याला बैठकीच्या आधी विचारलं की त्याचं निम्मं काम बैठकीआधीच होतं. उरलेलं निम्मं ऐकून घ्या, कदाचित ते बरोबरही असेल.

तयारी अशी करा. सोमवारी तिन्ही वाचनं आणि प्रतिसाद स्तोत्र एकदा मोठ्याने वाचा, टीका-टिप्पणी काही नको. बुधवारपर्यंत उताऱ्यातली एक अडचणीची जागा शोधा, जी वाचताना आपण नेहमी पटकन ओलांडतो. मनन त्या एका जागेवरच. लिहून काढा, पण चारशे शब्दांच्या वर नको. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे चार मिनिटं. बैठकीत शुभवर्तमान दोनदा वाचा, दोन वेगळ्या आवाजांत, आणि मध्ये घड्याळ लावून एक मिनिट शांतता. पहिल्या दोन वेळा ते मिनिट भलतं लांब वाटतं, कुणीतरी खाकरतं, कुणीतरी लगेच रोजरी सुरू करतं. ठरलेलं आहे म्हणून सांगा. शेवटी एकच प्रश्न विचारा, आणि त्याचं उत्तर तुमच्या खिशात नसावं. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न बंद करा. त्याला ‘विश्वास ठेवला पाहिजे’ एवढंच उत्तर येतं. हे मनन बैठकीतलं आहे. मिस्सामधलं (चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं) प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (दीक्षित सेवक) यांचंच असतं. त्यामुळे सगळं समजावून सांगायचा भार तुमच्यावर नाहीच.

ईस्टर संपला, आता फक्त पुढचे सण उरकायचे, हा सूरही पत्रात आहे. पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा आणि एकच सण. चर्चमधली मोठी मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत), यंदा 24 मेपर्यंत, वेदीपाशी असते. बैठकीतही एकच मेणबत्ती तोवर घरोघर फिरवा. गावी गेलेले परत आल्यावर ती किती उरली आहे ते बघतील.

स्वर्गारोहणावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिथे मननं सगळ्यांत जास्त घसरतात. हा सण ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, 14 मेच्या गुरुवारी येतो. पुष्कळ ठिकाणी तो पुढच्या रविवारी, 17 मेला साजरा करतात, तुमच्याकडचं चर्चमध्ये विचारून घ्या. पहिलं वाचन कृत्ये 1:1-11. चाळीस दिवस शिकवणूक झाल्यावरही शिष्य विचारतात, इस्राएलचं राज्य आता परत देणार का? म्हणजे अजून कळलेलं नाही. येशू वर घेतला जातो, ते बघत राहतात आणि शुभ्र वस्त्रांतले दोघे त्यांना विचारतात, आकाशाकडे काय बघत उभे आहात? आणि आपण मनन मात्र ढग आणि स्वर्ग यांवर सांगतो! यंदाचं शुभवर्तमान मत्तय 28:16-20 आहे, त्यात वर जाण्याचा उल्लेखच नाही. उलट ‘मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे’ इथे ते संपतं. सतरावं वचन पुन्हा वाचा: त्यांनी त्याला पाहून नमन केलं, पण काहींना संशय वाटला. डोंगरावर, अकरा जणांत, शेवटच्या भेटीत. येशू संशय असणाऱ्यांना वेगळं काढत नाही, पाठवतो सगळ्यांनाच. शेजारीण त्या शुक्रवारी आली तर तिच्याकडे न बघता हे वाचा.

कुणी हुशार तरुण विचारेल, लूकच्या शुभवर्तमानात हे सगळं ईस्टरच्याच दिवशी झाल्यासारखं वाटतं आणि कृत्यांत चाळीस दिवस, दोन्ही एकाच लेखकाची, मग खरं काय? प्रश्न रास्त आहे, दाबू नका. एकदा लूकने ते शुभवर्तमानाचा शेवट म्हणून सांगितलं, एकदा ख्रिस्ती मंडळीच्या कहाणीची सुरुवात म्हणून. जागेप्रमाणे सांगण्याची लांबी बदलली.

14 मेचा गुरुवार आणि पेंटेकॉस्ट यांच्यामध्ये बरोबर नऊ दिवस पडतात, 15 ते 23 मे. नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, ही प्रथा कृत्ये 1:14 वर उभी आहे: शिष्य, काही स्त्रिया आणि येशूची आई मरीया एकचित्ताने प्रार्थना करत होते. लोक कमी असताना ही नोव्हेना दहा मिनिटांची ठेवा. गावाला गेलेल्यांनी तिथूनच त्याच वेळी करावी. रोज कृत्यांतलं एक वचन पाठवायचं आणि गटावर त्याखाली दुसरं काही टाकायचं नाही, असा नियम करा.

पेंटेकॉस्टच्या पहिल्या वाचनात, कृत्ये 2:1-11, शिष्य नाना भाषांत बोलू लागतात, आणि ऐकणाऱ्यांची पार्थी, मेदी, एलामी ही नावांची माळ वाचणाऱ्याची भंबेरी उडवते. आठवडाभर आधी कागद हातात द्या आणि ज्याने सराव केला आहे त्यानेच वाचावं. उतारा अकराव्या वचनावर थांबतो. तेराव्यात लोक चेष्टा करतात, हे नव्या द्राक्षारसाने झिंगलेत. आणि पेत्र उत्तर देतो, अहो, सकाळचे नऊ वाजलेत! नाशिककर इथे हसतील, हसू द्या. नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमुळे आणि देवळालीला छावणीमुळे किती प्रांतांची माणसं आली! तुमच्या गटात मराठीशिवाय कोकणी, तमिळ, मल्याळम बोलणारी घरं असतील. ‘देवाची महत्कृत्ये’ हे अकरावं वचन त्यांना आपापल्या भाषेत वाचू द्या. प्रत्येकी एकच वाक्य, माइक नको, मोबाइलवर चित्रीकरण नको, नाहीतर त्याचं स्नेहसंमेलन होतं. शुभवर्तमान पुन्हा योहान 20 चंच आहे, पण ते तेविसाव्या वचनावर थांबतं. थोमा यायच्या आधी.

त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) रविवार, 31 मे: पाणी, बर्फ, वाफ हा दाखला देऊ नका. तेच पाणी एका वेळी तिन्ही रूपांत नसतं, आणि देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो हे मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलं. त्र्यंबकेश्वर इथून जवळच, तेव्हा एखादी हिंदू शेजारीण विचारील, तुमचंही ब्रह्मा-विष्णू-महेशासारखंच का? ‘नाही, ते वेगळं’ असं नम्रपणे सांगा. ओढूनताणून साम्य दाखवण्यात दोन्हीकडचा अनादर आहे. दुसऱ्या वाचनातला शेवटचा आशीर्वाद (2 करिंथकरांस 13:13, काही प्रतींत 14) मिस्साच्या सुरुवातीला तुम्ही नेहमी ऐकता: कृपा, प्रीती, सहभागिता. त्यावरच बोला, तीन मिनिटांत संपवा.

7 जूनच्या ख्रिस्तशरीराच्या सणाला योहान 6:51-58. त्यातही बावन्नाव्या वचनात ऐकणारे आपसांत भांडतात आणि उतारा जिथे संपतो त्याच्या पुढे बरेच जण सोडून जातात (वचन 66). कठीण वाटणाऱ्याला बैठकीत ‘कठीण वाटतं’ म्हणायची मुभा हवी. 3 जुलैला थोमाचा सण आहे. तेव्हा योहान 20:24-29 पुन्हा वाचलं जाईल आणि तुम्हाला ते नीट सांगायची संधी मिळेल. फादरांना आत्ताच विचारून ठेवा.

(प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या वाचकांसाठी: तुमच्याकडच्या तक्त्यात उताऱ्यांची सुरुवात-शेवट वेगळी असू शकते. ती पाळकसाहेबांकडून घ्या, बाकी पद्धत तीच चालेल.)

पुढच्या वर्षीचीही एक नोंद करून ठेवा. 25 एप्रिल 2027ला, पाचव्या रविवारी, द्राक्षवेलाचं शुभवर्तमान आहे, योहान 15:1-8, आणि नाशिकला तेव्हा खरड छाटणीचे दिवस असतील. येशूच्या देशात मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच होते, इथे एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी अशी दोनदा, हा फरक सांगायला विसरू नका. छाटणीवर बोलताना कुणाच्याही घरातल्या मृत्यूला ‘देवाची छाटणी’ म्हणू नका. त्या उताऱ्यात छाटली जाते ती फळ देणारी फांदी, अधिक फळासाठी. माणूस हिरावून घेण्याबद्दल तिथे काहीही नाही. गटात किंवा नात्यात कुणी बागायतदार असेल तर मननाची चार मिनिटं त्यालाच द्या: काडी किती ठेवतात, डोळे कुठे मोजतात, खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीत घडाची तयारी उन्हाळ्यातच कशी सुरू होते आणि घड दिसायला ऑक्टोबरच्या छाटणीनंतरची फूट का लागते. पण त्याला आजच सांगून ठेवा. ऐन एप्रिलमध्ये मजुरांची जमवाजमव करताना त्याला फोन घ्यायलाही सवड नसते.